लॅक्टेशन कन्सल्टंट व्हायचंय: कोर्स कुठला, तास कुठे भरायचे आणि वॉर्डात आत्ता काय करता येईल?

ताम्हण (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. मी जीएनएम (जनरल नर्सिंग अँड मिडवायफरी) केलेली नर्स आहे, सांगलीकडच्या एका खाजगी हॉस्पिटलात पीएनसी म्हणजे बाळंतपणानंतरच्या वॉर्डला असते. बरेच दिवस हे विचारायचं मनात होतं. आमच्याकडे सिझर झालेली बाई वॉर्डात येईपर्यंत बाळ नातेवाइकांच्या हातात असतं, ते रडलं की आजी नाहीतर मावशी काउंटरला येऊन विचारते, "सिस्टर, तिला दूधच उतरलं नाही हो, वरचं काही देऊ का?" ड्युटीवर एकच सिस्टर, एकीकडे इंजेक्शनं, दुसरीकडे डिस्चार्जच्या फाइली, मग कुणीतरी "द्या थोडं" म्हणून जातं आणि बाई घरी जाते ती डब्याची सवय लावूनच. जीएनएमला आम्हाला स्तनपानाचे फायदे भरपूर शिकवले, परीक्षेला पण यायचे. पोझिशनची चित्रं होती. पण दुखतंय म्हणून रडणाऱ्या बाईशेजारी बसल्यावर बाळाची मान कुठे धरायची, किती वेळ बघायचं, कधी डॉक्टरांना हाक मारायची, हे कुणी हाताला धरून शिकवलं नाही.

मला हे काम, म्हणजे लॅक्टेशन कन्सल्टंटचं, स्तनपान सल्लागाराचं, नीट शिकायचंय. आयबीसीएलसी करावं का? ऑनलाइन सर्टिफिकेट कोर्सच्या जाहिराती रोज दिसतात, त्यातलं काय खरं? मराठीत काही आहे का? आणि तोवर, म्हणजे उद्याच्या ड्युटीत, मी काय वेगळं करू शकते?

रानजाई

ताम्हण, फार बरं केलंस धागा काढलास. मी आधी नर्सिंगला होते, आता पुण्यात लॅक्टेशन कन्सल्टंट आहे, त्यामुळे तुझा रस्ता मला माहितीचा आहे. लांबलचक लिहिते, सवडीने वाच.

आयबीसीएलसी म्हणजे इंटरनॅशनल बोर्ड सर्टिफाइड लॅक्टेशन कन्सल्टंट. ही परीक्षा घेणारं बोर्ड १९८५ पासून आहे आणि जगभर एकच परीक्षा असते. बसायला तीन गोष्टी लागतात. एक, आरोग्यशास्त्राचे १४ विषय, शरीररचना, पोषण, बालविकास वगैरे. तू नर्स आहेस म्हणजे हे तुझ्या शिक्षणातच धरलं जातं. दोन, स्तनपानाचं ९५ तासांचं शिक्षण, त्यातले ५ तास संवादकौशल्याचे. आणि तीन, प्रत्यक्ष काम. याचे तीन मार्ग आहेत. नर्स-डॉक्टर किंवा मान्यताप्राप्त मदतगटाची कार्यकर्ती असेल तर आधीच्या ५ वर्षांत मिळून १००० तास, मान्यताप्राप्त शिक्षणसंस्थेतून केलं तर ३००, आणि अनुभवी आयबीसीएलसीच्या हाताखाली ठरवून मेंटॉरशिप केली तर ५००. परीक्षेत १७५ बहुपर्यायी प्रश्न असतात, बरेच फोटो बघून उत्तर द्यायचे. मराठीत परीक्षा नाही, इंग्रजी वाचनाची तयारी ठेव. फी देशाच्या उत्पन्नगटाप्रमाणे असते आणि बदलते, म्हणून बोर्डाच्या साइटवरच बघ. पास झालीस की संपलं असं नसतं, दर ५ वर्षांनी नवीन शिक्षण दाखवून सर्टिफिकेट चालू ठेवावं लागतं.

आता माझं मत, आणि याबाबत मी खूप आग्रही आहे. ९५ तास म्हणजे शिक्षण पूर्ण झालं असं धरू नकोस. ते तास कुणीही लॅपटॉपसमोर बसून भरेल. खरं शिक्षण आहे ते एक अख्खं फीड सुरुवातीपासून शेवटपर्यंत शेजारी बसून बघण्यात. बाळ जागं होऊन तोंड इकडेतिकडे वळवायला लागतं तिथपासून ते आपणहून सोडून मुठी सैल करून झोपतं तिथपर्यंत. आधी भरभर चोखतं, मग पान्हा फुटला की लय बदलते, चोख-गिळ-श्वास अशी संथ होते, हनुवटी खाली जाऊन क्षणभर थांबते, तो थांबा म्हणजे घोट. तो घोट ओळखता आला पाहिजे. सुटल्यावर निप्पलचा आकार बघायचा, लिपस्टिकच्या टोकासारखा तिरका चपटा दिसला तर लॅच, म्हणजे बाळाच्या तोंडाची पकड, उथळ आहे. हे व्हिडिओत दिसतं, पण तापलेल्या खोलीत, घाबरलेल्या बाईजवळ, मागे तिघीजणी सल्ले देत असताना दिसायला सराव लागतो. म्हणून कुठलाही कोर्स निवडताना पहिला प्रश्न विचार, की प्रत्यक्ष आया आणि बाळं किती बघायला मिळणार आणि माझं काम कोण बघणार. उत्तर गोलमोल आलं तर तो कोर्स वाचनापुरता ठीक.

मोगरा_पहाट

मी नर्स नाही, आई आहे, तरी लिहिते कारण रानजाईताईंनी लिहिलेलं तंतोतंत पटलं. माझ्या मुलीच्या वेळी पहिल्याच आठवड्यात दोन्हीकडे चिरा पडल्या, पाजायची वेळ झाली की पोटात गोळा यायचा. आधी एकीशी व्हिडिओ कॉलवर बोलले, तिच्या पेजवर सर्टिफाइड लिहिलेलं होतं. तिने बाळाला पाजताना बघितलंच नाही, कॅमेऱ्यात माझा चेहराच होता, आणि सिलिकॉनचं निप्पल शील्ड मागवायला सांगून कॉल संपला. शील्डने दुखणं कमी झालं पण बाळाचं वजनच वाढेना.

नंतर मैत्रिणीने दुसऱ्या ताई सुचवल्या त्या घरी आल्या. वजनकाटा घेऊन. पाजायच्या आधी बाळाचं वजन, त्याच कपड्यात पाजल्यावर पुन्हा वजन, म्हणजे पोटात किती गेलं ते कळलं. मग बराच वेळ नुसत्या बघत बसल्या. मला मागे टेकून बसवलं, डावीकडून पाजायचं तर उजव्या हाताने बाळाच्या खांद्यामागे आधार, डाव्या हाताने छातीला आधार, बाळाचं नाक निप्पलसमोर, तोंड मोठ्ठं उघडेपर्यंत थांबायचं आणि हनुवटी आधी टेकवायची. दुखणं त्याच फीडला निम्म्यावर आलं. माझ्या सासूबाई शेजारी बसून बघत होत्या, नंतर रात्री त्याच मला धरून देत होत्या. दोघींची फी सारखीच होती हो. बाईला आधी कसं कळणार कोण शिकलेलं आणि कोण नाही?

बालवैद्य_कोल्हापूर

बालरोगतज्ज्ञ म्हणून काही गोष्टी लिहितो.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी ५, म्हणजे २०१९-२१ चे आकडे बघा. देशात ८८.६ टक्के बाळंतपणं दवाखान्यात होतात, पण जन्मानंतर तासाभरात अंगावर घेतलेली बाळं ४१.८ टक्केच. म्हणजे निम्म्याहून जास्त बाळं आमच्याच इमारतीत, आमच्याच डोळ्यांसमोर असताना तो तास जातो. सहा महिन्यांपर्यंत निव्वळ आईचं दूध मिळणारी ६३.७ टक्के. त्यामुळे आईला "पाजत जा" असं सांगणारी पोस्टरं लावून भागणार नाही, आमच्या लोकांचे हात तयार व्हायला हवेत. एमबीबीएसला आणि पुढेही आम्हाला दुधातले घटक पाठ असतात, लॅच बघायला फार थोडेजण शिकतात. हे मी माझ्याच व्यवसायाबद्दल बोलतोय.

ताम्हण, तुम्ही वॉर्डात आहात तर हे आकडे डोक्यात ठेवा. पहिल्या दिवशी एका फीडला २ ते १० मिली चीक पुरतो, म्हणून "दूध उतरलं नाही" हे पहिल्या दिवशीचं निदान होऊच शकत नाही. दूध भरायला साधारण दुसरा ते चौथा दिवस लागतो, सिझर, जास्त रक्तस्राव, मधुमेह यांत थोडा उशीर होऊ शकतो. २४ तासांत ८ ते १२ वेळा पाजणं. जन्मवजन सुरुवातीला थोडं घटतं, पण ७ टक्क्यांच्या पुढे गेलं की फीड बसून बघा, १० टक्क्यांकडे गेलं की मला फोन करा. पाचव्या दिवसापासून दिवसाला निदान ६ वेळा लघवी, शी पिवळी झालेली. पाचव्या दिवशीही काळी शी असेल तर दूध पोचत नाहीये. १० ते १४ दिवसांत जन्मवजन भरून यावं, पुढे पहिले तीन महिने रोज २५ ते ३० ग्रॅम वाढ.

आणि एक गोष्ट कन्सल्टंट मंडळींना कळकळीने सांगतो. बाळ मलूल, पाजायलाही उठत नाही, ताप, लघवी नाही, कावीळ पोटाच्या खाली उतरलेली, अशा वेळी पोझिशन सुधारत बसू नका. उन्हाळ्यात दूध कमी पडून रक्तातलं सोडियम वाढून आलेली बाळं मी बघितली आहेत, पंधरवडा "होईल हळूहळू" म्हणत घरी ठेवलेली. वरचं दूध गरजेचं असेल तर ते औषध म्हणून द्यायचं, मोजून, कधी थांबवायचं ते ठरवून, शक्यतो आधी आईचंच काढलेलं. त्याने आईला अपराधी वाटायला नको. चांगली कन्सल्टंट मी तिच्या रेफर करण्यावरून ओळखतो.

अजून एक. कोर्सला पैसा कुणाचा आहे ते तपासा. १९९२ चा आपला शिशुदुग्ध पर्यायांबद्दलचा कायदा, २००३ मध्ये कडक केलेला, दोन वर्षांखालच्या बाळांच्या डब्याच्या आणि बाटलीच्या जाहिरातीला बंदी करतो आणि त्या कंपन्यांनी आरोग्य कर्मचाऱ्यांना भेटी देणं, परिषदा किंवा शिक्षण प्रायोजित करणं हेही बेकायदा ठरवतो. मोफत वेबिनारच्या कोपऱ्यात डब्याच्या कंपनीचं नाव दिसलं की बाहेर पडा.

कोरा_कागद

मी जरा वेगळं मत मांडतो, राग मानू नका. माझ्या आईने, आजीने कुणाला फी देऊन पाजलं नव्हतं. ही सगळी निसर्गाची गोष्ट, त्यात प्रत्येक टप्प्याला एक कन्सल्टंट आणून आपण बायकांचा आत्मविश्वास कमी करत नाही ना? आणि वर मोगरा यांनी लिहिलंय तसं, काही दिवसांचा कोर्स करून पेज काढणाऱ्यांची संख्या वाढलीये हे मीही आजूबाजूला बघतोय.

रानजाई

राग कसला, प्रश्न रास्त आहे. आजीला कन्सल्टंट लागली नाही कारण तिच्या घरात चार पाजणाऱ्या बायका होत्या. ती लहानपणापासून काकूला, मोठ्या बहिणीला पाजताना बघत मोठी झाली. आजच्या मुलीने कित्येकदा स्वतःचं बाळ हातात येईपर्यंत दुसऱ्या कुणाला जवळून पाजताना बघितलेलंच नसतं, आणि तिची आईही डबा-बाटलीच्या काळात बाळंतीण झालेली असते. पाजणं नैसर्गिक आहे, जमणं शिकावं लागतं, आईला आणि बाळालाही. आणि जुन्या काळीही प्रत्येकीला जमत होतं असं नाही, दूध नसलं तर शेजारची पाजायची, गाईचं दूध पाणी घालून द्यायचे, आणि किती बाळं दगावायची ते कुणी मोजत नव्हतं.

आत्मविश्वासाचं म्हणाल तर शंभर टक्के सहमत. जी कन्सल्टंट गेल्यावर आईला वाटतं "मला जमतंय", तिचं काम झालं. जिच्यावाचून पान हलत नाही ती चुकतेय. म्हणून ९५ तासांत संवादाचे तास वेगळे ठेवलेत. सगळं ऐकून घ्यायचं, हात लावायच्या आधी विचारायचं, आईच्या हातानेच करून घ्यायचं.

सर्टिफिकेटचं असं आहे की लहान कोर्स वाईट नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेचा ४० तासांचा समुपदेशनाचा कोर्स १९९३ पासून जगभर शिकवला जातोय, बेबी फ्रेंडली, म्हणजे स्तनपानाला पूरक, हॉस्पिटलच्या कर्मचाऱ्यांसाठी २० तासांचा आहे. आपल्याकडे ब्रेस्टफीडिंग प्रमोशन नेटवर्क ऑफ इंडिया, ज्याची स्थापना ३ डिसेंबर १९९१ ला वर्ध्यात झाली, ते अनेक वर्षं आरोग्य कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण देतात आणि कंपन्यांचा पैसा घेत नाहीत. असे कोर्स करून वॉर्डात, गावात काम करणाऱ्या समुपदेशकांची देशाला खूप गरज आहे. फक्त त्यांनी आपली हद्द सांगावी. साधं दुखणं, पोझिशन, धीर देणं इथपर्यंत समुपदेशक. टंग-टाय (जिभेखालचा आखूड पडदा), जुळी, कमी दिवसांचं बाळ, शस्त्रक्रिया झालेली छाती, खरोखर कमी दूध, इथे जास्त शिकलेली व्यक्ती आणि डॉक्टर. मोगरा, तुझ्या प्रश्नाचं उत्तर पण हेच, बुक करतानाच विचारायचं की शिक्षण कुठलं, फीड बघणार का, वजन करणार का, बालरोगतज्ज्ञांना कळवणार का. आयबीसीएलसी म्हणवणाऱ्या व्यक्तीचं नाव बोर्डाच्या साइटवर पडताळता येतं.

शेवंतीकाकू

मुलींनो, मी वाचते रोज, लिहीत नाही. पण आता विचारते. माझी लेक पुढच्या महिन्यात बाळंतपणाला येतेय. डिंकाचे, अळिवाचे लाडू, बाळंतशोपा, खारीक-खोबरं सगळी तयारी झाली. शतावरी पण आणलीये. मागे डॉक्टरबाईंनी माझ्या पुतणीला हे सगळं "काही उपयोग नाही" म्हणून उडवून लावलं, वाईट वाटलं हो. आम्ही चुकीचं करतो का?

रानजाई

काकू, लाडू जरूर करा. बाळंतिणीला भूक लागते, पाजणाऱ्या बाईला जास्तीचं खाणं लागतंच, अळिवात लोह आहे, डिंक-खोबऱ्यात उष्मांक आहेत, आणि आईच्या हातचं खाऊन लेक निवांत होते त्याचाही पान्ह्याला उपयोग होतो, कारण ताण आणि दुखणं असलं की पान्हा अडतो. फक्त दूध तयार होतं ते बाळ ओढून घेतं म्हणून. लॅच बिघडला असेल आणि आपण लाडू वाढवत राहिलो तर दूध वाढणार नाही, आणि मग लेकीला वाटतं माझ्यातच खोट आहे. शतावरी द्यायची तर डॉक्टरांच्या कानावर घालून, विशेषतः तिला थायरॉइड, शुगर वगैरे काही औषधं चालू असतील तर.

बाळाला मात्र मध चाटवू नका, वर्षाच्या आत मध नकोच. घुटी, साखरपाणी, ग्राइप वॉटर पण नको. आणि काकू, लेकीच्या डिलिव्हरीआधीच एकदा तिच्याबरोबर बसून पाजण्याच्या पोझिशनचे व्हिडिओ बघा. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलवर मातापोषण आणि स्तनपानाचे आहेत, मराठीतही. रात्री दोन वाजता तिच्याजवळ तुम्हीच असणार आहात, आम्ही कुणी नाही.

जव्हारची_आशा

नमस्कार ताई. मी आशा आहे, पालघर जिल्ह्यातली. आमचं पण लिहिते. आम्हाला बाळाच्या घरी भेटी असतात, दवाखान्यात झालं असेल तर सहा, ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी, घरी झालं असेल तर पहिल्या दिवशी पण. ही गृहभेटीची पद्धत गडचिरोलीला डॉक्टर अभय बंग आणि राणी बंग यांनी गावातल्या बायांना शिकवून दाखवली, मग २०११ पासून देशभर आली. मला त्याचा अभिमान वाटतो की गावची बाई हे करू शकते.

आम्ही वजन करतो, ताप बघतो, बाळ पितंय का बघतो. पण फॉर्मवर "पितंय, हो" लिहितो तेव्हा कसं पितंय ते बघायला मला कुणी शिकवलं नव्हतं. मागच्या वर्षी पीएचसीत, प्राथमिक आरोग्य केंद्रात, एक ट्रेनिंग झालं त्यात बाहुली घेऊन शिकवलं आणि मग खऱ्या बाईजवळ बसवलं. तेव्हापासून फरक कळतो. बाळाचं तोंड नुसतं निप्पलवर असतं, खालचा काळा भाग सगळा बाहेर, आणि बाळ तासतासभर चिकटलेलं, आई म्हणते रात्रंदिवस पितो तरी रडतो. वजन वाढत नाही. मी पोझिशन बदलून देते आणि पुढच्या भेटीला वजन बघते. कमी वजनाच्या बाळाला छातीशी उघडं बांधायला सांगते, हाताने दूध काढून वाटी-चमच्याने द्यायला शिकवते, बाटली नाही कारण धुवायला पाणी कुठाय.

आमच्या बाया दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातात. तिथे कोण भेटी देणार? लहान बाळ घेऊन जातात आणि ४२ दिवस पण होत नाहीत कधी. म्हणून जायच्या आधी मी हाताने दूध काढायचं तरी शिकवूनच सोडते. मोठे कोर्स आम्हाला परवडणार नाहीत पण वर्षातून एकदा असं हाताला धरून शिकवणारं कुणी आलं तर खूप होईल.

बालवैद्य_कोल्हापूर

आशाताई, तुमचा प्रतिसाद माझ्या सगळ्या ज्युनियर डॉक्टरांना वाचायला देणार आहे. "पितंय, हो" आणि "कसं पितंय" यातला फरक तुम्ही जितका नेमका सांगितलात तितका मी लेक्चरला सांगू शकलेलो नाही.

म्युनिकवासी

इथे जर्मनीत बाळंतपणानंतर हेबामे म्हणजे सुईण घरी येते, पहिले दहा दिवस हवं तर रोज, पुढे १२ आठवड्यांपर्यंत ठरावीक भेटी, खर्च आरोग्य विमा करतो. माझ्याकडे यायची ती बाळाचं वजन झोळीच्या काट्यावर करायची आणि पाजताना बघायची. जव्हारच्या ताईंचं वाचून वाटलं की रचना तीच आहे, आपल्याकडेही घरी जाणारी बाई आहेच, तिला शिकवणं आणि पुरेसे पैसे देणं एवढंच करायचंय.

ताम्हण (धागाकर्ती)

सगळ्यांचे किती आभार मानू. प्रिंट काढून ड्युटी रूमला लावणार आहे. रानजाईताई, आता वॉर्डातलं सांगा ना. सिझरचं काय करायचं? आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी छाती दगडासारखी होते, बाळाला धरता येत नाही, आमच्याकडे गरम शेक आणि जोरात चोळणं चालतं, बाई ओरडते. ते बरोबर आहे का?

रानजाई

चोळणं आधी थांबव.

हा मुद्दा नीट लिहिते कारण इथेच कळतं की एकदा शिकून का भागत नाही. आम्ही शिकलो तेव्हा गाठ झाली की गरम शेक, दाबून मसाज, पंप लावून पूर्ण रिकामं करा असंच होतं. २०२२ मध्ये अकॅडमी ऑफ ब्रेस्टफीडिंग मेडिसिनने स्तनदाहाबद्दलचं मार्गदर्शन बदललं. आता समजतं ते असं की बऱ्याचदा आत सूज असते, नळीत काही घट्ट अडकलेलं नसतं. जोरात दाबलं की सूज वाढते, नाजूक पेशींना इजा होते. पंप करून रिकामं करत राहिलं की शरीराला वाटतं जास्त दूध हवंय, ते अजून बनवतं, आणि चक्र चालू राहतं. म्हणून आता थंड शेक, डॉक्टरांनी दिलेली सूज कमी करणारी गोळी, बाळ मागेल तसं नेहमीसारखं पाजणं, जास्तीचं पंपिंग नाही, मसाज केलाच तर लिम्फसाठी करतात तसा अगदी हलका, कातडीवरून हात फिरवल्यासारखा. २४ तासांत उतार नाही, ताप चढतोय, लाली पसरतेय तर डॉक्टर. गाठ मऊ होऊन आत पाणी हलल्यासारखं लागलं तर लगेच, गळू असू शकतं. दुखऱ्या बाजूने पाजणं बंद करायची गरज बहुतेक वेळा नसते.

तिसऱ्या दिवशीच्या भरलेल्या छातीला मात्र एक साधी युक्ती आहे. निप्पलच्या मुळाशी सगळ्या बाजूंनी बोटांची टोकं ठेवून आत छातीच्या दिशेने हळू दाब द्यायचा, मिनिटभर धरायचा. सूज मागे सरकते, काळा भाग मऊ होतो आणि बाळाला तोंडात घेता येतं. सिझर झालेल्यांना सलाइन जास्त गेलेलं असतं त्यांना याचा फार उपयोग होतो. आईलाच शिकव, दर फीडच्या आधी ती करेल.

आता सिझर. भूल कमरेतली असेल आणि दोघं ठीक असतील तर टेबलवरच बाळ छातीवर देता येतं. त्याला भूलतज्ज्ञ, सर्जन, बालरोग सगळ्यांची संमती लागते, ते एकट्या सिस्टरच्या हातात नाही. पण रिकव्हरीत तुझ्या हातात आहे. बाळ उघडं, आईच्या उघड्या छातीवर, वरून दुपटं, नाक मोकळं, आणि कुणीतरी सतत शेजारी लक्ष ठेवून, कारण आई गुंगीत असू शकते. टाक्यांवर भार नको म्हणून बाळाला बगलेखालून घेता येतं, किंवा आई आडवी, बाळ कुशीला. बाळ झोपाळू असेल, ओढत नसेल तर पहिल्या सहा तासांत हाताने चीक काढायला शिकव. थेंब थेंब येतो, पंपाला तो भिंतीलाच चिकटतो, हाताने चमच्यात नीट घेता येतो. अंगठा आणि बोट काळ्या भागाच्या थोडं मागे, आधी छातीकडे दाब, मग एकमेकांकडे, सोड. निप्पल ओढायचं नाही. चमच्यात पिवळा थेंब दिसला की आजीबाईंना दाखव. माझ्या अनुभवात त्या चमच्याने जितका फरक पडतो तितका कुठल्याच भाषणाने पडत नाही, "उतरलं नाही" म्हणणारी आजीच मग बाकीच्यांना सांगते.

वॉर्डात एकटी असशील तर प्रत्येकीकडे जाऊ नकोस, जमणारच नाही. शिफ्टमध्ये एक तरी फीड पूर्ण बघायचं ठरव, आणि निवडताना पहिलटकरीण, सिझर, कमी वजनाचं बाळ यांना आधी धर. बेडशेजारी एक कागद लाव, किती वेळा पाजलं, लघवी, शी, आईला दुखतंय का. नातेवाईकच भरतील. राउंडला डॉक्टरांना तो दिसला की "टॉप फीड (वरचं दूध) द्या" म्हणायच्या आधी ते वाचतील.

एनआयसीयू_परिचारिका

मुंबईहून. नवजात अतिदक्षता विभागात आहे म्हणून एवढंच जोडते. आशियातली पहिली मानवी दुग्धपेढी सायन हॉस्पिटलात १९८९ मध्ये सुरू झाली, डॉक्टर आर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने. आज अनेक सरकारी हॉस्पिटलांत दुग्धपेढ्या आहेत. तिथे फक्त दूध गोळा होत नाही, ज्या आईचं बाळ काचेत आहे तिला पहिल्या दिवसापासून दर २-३ तासांनी दूध काढायला मदत, मग कांगारू पद्धतीने छातीवर, मग चाटायला, मग थोडं थोडं अंगावर, असा अख्खा प्रवास बघायला मिळतो. ताम्हण, तुला शिकायला अशी जागा मिळाली तर सुट्टी काढून ये. कमी दिवसांचं बाळ कसं दमतं आणि हनुवटी-गालाला आधार दिला की कसं सावरतं हे तिथेच कळतं.

घरी गेल्यावर काढलेलं दूध किती वेळ टिकतं हे सगळ्या विचारतात. साधारण २५ अंशांपर्यंतच्या खोलीत ४ तास, फ्रीजमध्ये आत मागच्या बाजूला ४ दिवस, डीप फ्रीजरला ६ महिने उत्तम. आपल्या एप्रिल-मेच्या खोलीला ४ तास धरू नका, लगेच फ्रीजमध्ये.

नोकरदार_आई

हे वाचून एक लिहिल्यावाचून राहवेना. कायद्याने पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवडे रजा आहे, ५० किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या ठिकाणी पाळणाघर, बाळ १५ महिन्यांचं होईपर्यंत पाजायला दोन सुट्ट्या. माझ्या कामाच्या ठिकाणी हे एचआरलाच माहीत नव्हतं, माझ्या कन्सल्टंटने कलम दाखवलं तेव्हा पत्र लिहिता आलं. पंपिंगचं वेळापत्रक तिनेच बसवून दिलं. कामावर परतणं हा पण अभ्यासक्रमाचा भाग असावा.

ताम्हण (धागाकर्ती)

आज इन्चार्ज सिस्टरांशी बोलले. कागदाला हो म्हणाल्यात, पहिल्या चार बेडला लावतोय. बालरोगच्या सरांना ७ टक्क्यांचं विचारलं, ते म्हणाले लिहून भिंतीला लाव. डिलिव्हरी रूमच्या दोघीजणी पण शिकायला तयार आहेत. आधी २० किंवा ४० तासांचा कोर्स तिघी मिळून करतो, मग मी १००० तासांकडे वळते.

एक शेवटची शंका. वॉर्डची माझी सगळी ड्युटी तासांत धरता येते का? म्हणजे आठ तासांची शिफ्ट आठ तास?

रानजाई

नाही, सगळी शिफ्ट नाही. फक्त स्तनपानासाठी प्रत्यक्ष दिलेला वेळ, फीड बघणं, मदत, समुपदेशन, त्याच्या नोंदी. इंजेक्शनं, डिस्चार्ज, बीपी यात नाही. म्हणून आजपासूनच वही कर. तारीख, वेळ, बाईचं नाव नको, नुसतं पहिलटकरीण का दुसरी, सिझर का नॉर्मल, अडचण काय होती, काय केलंस, फीडच्या शेवटी काय दिसलं, पुढच्या फीडला काय झालं. इन्चार्ज सिस्टरांची महिन्याला सही घेत जा. पुढे फॉर्म भरताना तासांचा हिशेब तुझ्याकडे तयार असेल. आणि ज्या केसमध्ये तुला कळलं नाही त्याच्यापुढे खूण कर, दर रविवारी रात्री मला विपूत (इथल्या विचारपुशीत) पाठव, मी बघून देते. मेंटॉर शोधत असलेल्या अजून कुणी नर्स, आशाताई असतील तर त्यांनीही लिहा, व्हिडिओ कॉलवर एकत्र केसेस बसवू. जव्हारच्या ताई, तुमच्या पीएचसीच्या मेडिकल ऑफिसरना विचारून ठेवा, पावसाळा संपला की मी बाहुली घेऊन येते.

जव्हारची_आशा

या ताई. दिवाळीच्या आधी या पण, नंतर बाया भट्टीवर जातात.